नावे ठेवताना



आपल्याकडे बारशाच्या दिवशी मुलाला नाव ठेवतात, आणि ते मूल मोठे होऊन काही करून दाखवू लागले की त्याच्या कामाला नावे ठेवतात. पहिल्याला संस्कार म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणावे ते मला आजवर कळलेले नाही, पण ते आपण फार हौसेने करतो एवढे खरे. लग्नातली आमटी, शेजाऱ्याचा नवा दरवाजा, धाकट्या जावेने विणलेला स्वेटर, कशालाही आपल्याजवळ नावे तयार असतात. अलीकडे यांत आणखी एका जिनसाची भर पडली आहे. ती म्हणजे वेबसाइट. घरोघरी एखादा भाचा असतो, त्याने कुणा दुकानदाराची वेबसाइट केलेली असते, आणि तो म्हणतो, "मामा, जरा बघून सांगा ना, कशी झालीय." मामा फोन हातात घेतात, अंगठ्याने दोनदा वर-खाली करतात आणि सांगतात, "छान आहे. पण काहीतरी कमी वाटतंय."

झाले! भाचा बिचारा रात्रभर ते 'काहीतरी' शोधत बसतो.

मला आज तुमच्याशी या 'काहीतरी'बद्दलच बोलायचे आहे. कारण तुम्ही हे काम करणारे असा, करून घेणारे असा, किंवा नुसते मामा असा, हा प्रसंग तुमच्यावर यायचाच.

मी मूळचा छापखान्यातला माणूस. लग्नपत्रिका, हस्तपत्रके, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, अशी पाने लावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झाले आणि पुढच्या चारपाच वर्षांत गिऱ्हाइके पत्रकाबरोबर वेबसाइटही मागू लागली. त्या काळी मराठी मजकूर दाखवायचा म्हणजे वाचणाऱ्याने आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्यायचा. नाही घेतला तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे! गिऱ्हाइकाला त्याचे सोयरसुतक नसे. त्याला हवी असत सरकती अक्षरे आणि 'आपण अमुकावे पाहुणे आहात' असे सांगणारा आकडा. आम्ही मुकाट्याने देत होतो. वाचणाऱ्याचे काय होते हे विचारायची पद्धत तेव्हा नव्हतीच.

आता माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडे एका शिकवणी वर्गाचे काम आले. ते मी एका विशीतल्या मुलाकडे सोपवले. त्याने पान तयार केले आणि वर्गाचे मालक बघायला आले. पानावर जांभळा रंग, त्यावर लाल अक्षरे, कडेला हिरवी पट्टी. मी पाहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "अरे, हा क्लास आहे की गणपतीचा मांडव?" सगळे हसले. मालक सर्वांत मोठ्याने हसले. विनोद साधला म्हणून मलाही बरे वाटले. मुलगा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालकांचा फोन. "तुमच्याच माणसांना काम पसंत नाही, तर मी पुरते पैसे का द्यावेत?" बोलणे रास्त होते. तिसरा हिस्सा रक्कम मला सोडावी लागली. मुलाने महिना भरला आणि तो गेला. आमच्याकडूनच गेला असता तर गोष्ट वेगळी, पण पुढे कळले की त्याने हा धंदाच सोडला. याउपर मौज अशी, की ते पान मी स्वतः नव्याने मांडले. सोज्ज्वळ निळा रंग, भरपूर मोकळी जागा, अगदी खानदानी थाट. चार आठवड्यांनी वर्गाचे कारकून तक्रार घेऊन आले की पालक दिवसभर फोन करून फी आणि वेळा विचारतात, दुसरे काम होत नाही. मी त्या मुलाचे जुने पान उघडून पाहिले. फी, वेळा आणि फोन नंबर ही तिन्ही त्याने पान उघडताच दिसतील अशी वर घेतली होती. सोज्ज्वळपणाच्या भरात मी ती आतल्या तिसऱ्या पानावर नेऊन ठेवली होती! रंगांना हसता हसता मी त्याची मांडणी पाहिलीच नव्हती.

मी काय म्हणायला हवे होते? फार काही नाही. मालक यायच्या आधी, त्याला एकट्याला बाजूला घेऊन एवढेच, की "फीचं कोष्टक वर घेतलंस ते उत्तम केलंस, ते आता हलवू नकोस. पण जांभळ्यावरची लाल अक्षरं मला चष्मा लावूनही वाचता येईनात. हे रंग कुणासाठी निवडलेस?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. कदाचित त्याच्याजवळ उत्तर असते. कदाचित मालकांनीच त्याला ते रंग सांगितले असतील. मी विचारलेच नाही, त्यामुळे आजही मला ठाऊक नाही.

तुम्ही कधी शिंप्याकडे सदरा घालून बघायला गेला असाल. आरशासमोर तुम्ही म्हणता, "कसंतरीच वाटतंय हो." चांगला शिंपी रागावत नाही आणि लगेच कात्रीही उचलत नाही. तो म्हणतो, "हात वर करा बघू." तुम्ही हात वर करता, काखेत आवळते, तो तिथे खडूने रेघ मारतो. कुठे आवळते हे घालणाऱ्याला कळते. किती आणि कुठे उसवायचे हे शिवणाऱ्याला कळते. घालणारा जेव्हा "इथली शिवण दोन सूत सोडा" असे सांगू लागतो आणि शिवणारा जेव्हा "तुम्हाला आवळत नाहीच मुळी" असे म्हणू लागतो, तेव्हा सदरा वाया जातो. वेबसाइटच्या कामात मी भांडणे पुष्कळ पाहिली. त्यांतली बहुतेक या अदलाबदलीची होती.

आता ज्या प्रसंगाने मला हे खऱ्या अर्थाने शिकवले, तो जरा सविस्तर सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यातले एक बागायतदार आमच्याकडे आले. पन्नाशीचे गृहस्थ, कमी बोलणारे. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. तोवर त्यांचा बहुतेक आंबा वाशीच्या बाजारात दलालामार्फत जाई. त्या वर्षी त्यांनी मनाशी धरले होते की निदान दोनशे पेट्या थेट घरोघरी पाठवायच्या. खोकी छापून घेतली होती. वेबसाइट मार्चच्या मध्याला सुरू व्हायला हवी होती, कारण वेबसाइट उशिरा झाली म्हणून आढीतला आंबा थांबत नाही. तो पिकतो आणि मग उतरतो.

हे काम आमच्याकडच्या एका मुलीने केले. हुशार मुलगी, हात उत्तम. तिने पान उघडताच सबंध पडदाभर बागेतल्या सूर्योदयाचा फोटो ठेवला. त्याखाली पांढऱ्यावर बारीक करड्या अक्षरांत मजकूर आणि तळाशी मागणीचे बटण. बघायला सुरेख. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भाऊ पाहून गेले आणि दोन दिवसांनी त्यांची चिठ्ठी आली. चिठ्ठीत चार कलमे: नाव मोठे करा. वडिलांचा फोटो सगळ्यांत वर, मोठा टाका. सगळे जरा रंगीत करा. आणि पान उघडल्यासारखे वाटत नाही.

मुलगी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. डोळ्यांत पाणी यायचे बाकी होते. "सर, यांना काही कळत नाही. वर वडिलांचा फोटो टाकला तर ते श्रद्धांजलीचं पान दिसेल."

तिचे खोटे नव्हते. या धंद्यात या ठिकाणी दोन वाटा फुटतात आणि दोन्ही सोप्या आहेत. एक, गिऱ्हाईक म्हणेल तसे करून द्यावे, पैसे घ्यावेत आणि मागे हसावे. दुसरी, गिऱ्हाइकाला सौंदर्यशास्त्रावर व्याख्यान द्यावे. मी दोन्ही करून चुकलेला होतो. म्हणून भाऊंना पुन्हा बोलावले आणि मुलीला म्हटले, "तू आज काही समजावू नकोस. फक्त लिहून घे."

मी विचारले, "भाऊ, वडिलांचा फोटो वर कशासाठी?"

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अहो, पुण्यामुंबईची आमची जुनी गिऱ्हाइकं मला कुठं ओळखतात? ती वडलांना ओळखतात. पेटीवरच्या कागदावर त्यांचाच फोटो असतो. हापूस म्हणून आज कोणीही काहीही विकतो. तो चेहरा बघितला की लोकांना कळतं, माल आमचा आहे."

मुलीची लेखणी थांबली. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे. पण फोनवर आंबा विकत घेणाऱ्याला वास घेता येत नाही की देठ बघता येत नाही. त्याला भरवसा हवा असतो, आणि या घराचा भरवसा त्या चेहऱ्यात होता. आम्ही ज्याला हळवेपणा समजत होतो तो चोख व्यवहार होता. मग उपाय तिनेच काढला. पेटीवरचा तो कागद जसाच्या तसा, बोटाएवढा, मागणीचे बटण आणि फोन नंबर यांच्या शेजारी ठेवला. श्रद्धांजली टळली आणि ओळखही राहिली.

मग 'नाव मोठे करा' आणि 'रंगीत करा'. मी म्हटले, "भाऊ, तुमच्या फोनवर उघडून दाखवा." ते उठून गॅलरीत गेले, कारण फोन ते नेहमी बाहेरच बघत. बागेत, अंगणात, टेम्पोपाशी. उन्हात धरलेल्या त्या फोनवर करडी अक्षरे जवळजवळ पुसून गेली होती. आमच्या कचेरीत पडदे लावलेल्या खोलीत ती नाजूक दिसत. दोष अक्षराच्या आकारात नव्हता आणि रंगाच्या हौसेचाही नव्हता. ते फिकटपणाचे दुखणे होते. वेबचे नियम ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, डब्ल्यूथ्रीसी, तिने २००८ सालच्या नियमावलीतच सांगून ठेवले आहे की मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडात निदान ४.५ ला १ एवढे अंतर हवे. अक्षरे मोठी असतील तर ३ ला १ चालेल. हे मोजायची साधने फुकट मिळतात. मोजले, तर आमची बारीक अक्षरे तीनालाही पोचत नव्हती. भाऊंनी दोन कलमे लिहिली होती. दुखणे एकच होते.

चौथे कलम मात्र मलाही कळेना. पान उघडल्यासारखे वाटत नाही म्हणजे काय? अर्थ सरळ होता. त्यांच्या वाडीत फोनला रेंज जेमतेम. सूर्योदयाचा तो फोटो आठ एमबीचा. तो येईपर्यंत पडदा पांढराफटक, आणि भाऊंना वाटे की आपलेच बोट नीट लागले नाही. मुलीने पान केले होते कचेरीतल्या वेगवान जोडणीवर. तिला तो सूर्य डोळ्याची पापणी लवायच्या आत उगवत होता. तिने फोटो लहान करून दीडशे केबीवर आणला. सूर्य राहिला, तोही लवकर उगवू लागला.

आता माझे स्वतःचे एक कलम होते. तिने आधी इंग्रजी नमुना मांडून, त्यात खोटा लॅटिन मजकूर भरून पान ठरवले होते आणि मराठी शेवटी ओतले होते. आपल्या देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेषा. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. छापखान्यात आम्ही ओळींमध्ये शिशाची पट्टी घालायचो ती याचसाठी. मी तिला म्हटले, "मजकुराचा क्रम उत्तम आहे. हा परिच्छेद मात्र वाचताना मी दोनदा ओळ चुकलो. बघ, इथे आणि इथे." तिने पाहिले, मान डोलावली, पाच मिनिटांत ओळी सैल केल्या. 'हे कसंतरी दिसतंय' म्हणालो असतो, तर तिने फॉन्ट बदलला असता, रंग बदलला असता, आणि उकार तिथेच अडकलेला राहिला असता.

जाता जाता एक कबुली देतो. तो सूर्योदय मला आवडला नव्हता. कॅलेंडरावरचा वाटला. पण तो कुणाच्या आड येत नव्हता, म्हणून मी बोललो नाही. 'मला आवडत नाही' आणि 'हे चालत नाही' या दोन तक्रारी वेगळ्या ठेवायला मला आयुष्याची बरीच वर्षे लागली. पहिली सांगायचीच असेल तर खुशाल सांगावी, पण ती आपली आवड आहे असे म्हणून सांगावी.

राहिला एक वाद. मागणीच्या अर्जात ईमेल सक्तीचा होता. तो भाऊंनी कुणा मित्राच्या सांगण्यावरून घालायला लावला होता. मुलीला तो नको होता. दोघेही हट्टाला पेटलेले. असा वाद बोलून मिटत नाही. जेकब नील्सन या मूळच्या डेन्मार्कच्या तज्ज्ञाने २००० साली लिहिले होते की पाच माणसांच्या हातात वेबसाइट देऊन नुसते बघत बसा, बहुतेक दोष तेवढ्यातच दिसतात. या पाचाच्या आकड्यावर जाणत्यांत पुढे वाद झाले, पण आमच्यासारख्यांना पाच माणसे परवडतात हे काय थोडे आहे? आम्ही चहावाला, वरच्या मजल्यावरचे वकील, एक कॉलेजातली मुलगी, भाऊंचा पुतण्या आणि माझी थोरली बहीण, अशी पाच जमवली. प्रत्येकाला सांगितले, "पाच डझनांची एक पेटी पुण्याच्या पत्त्यावर मागवून दाखवा." आणि आम्ही तोंडाला कुलूप लावून बसलो. हे गप्प बसणे सगळ्यांत अवघड. माणूस चुकीच्या जागी बोट नेतो आणि आपल्या जिभेला खाज सुटते.

माझी आक्का सत्तरीची. आंबे निवडले, पत्ता घातला, ईमेलपाशी थांबली. तिला ईमेल नाही. तिने तिथे फोन नंबर घालून पाहिला, लाल अक्षरे आली. पुन्हा घातला, पुन्हा लाल. मग फोन खाली ठेवून ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल. मला नाही बाई जमत हे." भाऊ कोपऱ्यात बसून बघत होते. अशी आक्का म्हणजे त्यांचे नेमके गिऱ्हाईक, वडिलांना ओळखणारे! ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काढून टाका तो ईमेल." मुलगी शहाणी, ती 'मी म्हणतच होते' असे म्हणाली नाही.

गिऱ्हाइकाशी वागण्याच्या बाकीच्या गोष्टी यामानाने साध्या आहेत आणि बहुतेक कागदाच्या आहेत. सुरुवातीलाच लिहून घ्यावे की होकार देणारा माणूस कोण. नाहीतर काम संपता संपता मेव्हणे उगवतात, आणि त्यांना गुलाबी रंग हवा असतो. फेरफार किती वेळा करून देणार, त्याहून जास्त झाले तर काय आकारणार, तेही आधी. मधल्या काळात आलेली सूचना फोनवर ऐकली तरी त्याच दिवशी लिहून उलट पाठवावी: 'आपण असे म्हणालात, आम्ही असे समजलो.' निम्मे तंटे तिथेच मिटतात. वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्यावे. ते आपल्या खिशात ठेवून त्याला बांधून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला ती लबाडी वाटते. रात्री अकराला आलेल्या निरोपाला सकाळी उत्तर द्यावे. रात्रीचे उत्तर रात्रीसारखेच असते.

आणि जिथे नाही म्हणायचे तिथे नाही म्हणावे, पण कारण गिऱ्हाइकाच्या फायद्याचे सांगावे. भाऊंना एकदा पहिल्या पानावर आपोआप सरकणारी चित्रे हवी झाली. मी म्हटले, "भाऊ, माणूस भाव वाचत असतो आणि तेवढ्यात तुम्ही त्याच्या हातातली पाटी ओढून घेता." ते हसले आणि विषय संपला. 'हल्ली ही फॅशन राहिली नाही' असे म्हणालो असतो तर त्यांना ते लागले असते, आणि चित्रेही सरकली असती.

वेबसाइट मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली, म्हणजे ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा. त्या हंगामात दोनशेपैकी पावणेदोनशे पेट्या थेट गेल्या. उरलेल्या नेहमीसारख्या वाशीला. पैसे भाऊंनी वेळेवर दिले, वर एक पेटी आक्काला पाठवली.

पुढच्या वर्षी मोहोर आला आणि भाऊंचा फोन आला. मी मनात म्हटले, आता पुन्हा काहीतरी मोठे करायला सांगणार. तर ते म्हणाले, "काल माझ्या बहिणीनं पुण्याहून उघडून बघितलं. तिला पेटीचा भाव सापडेना. ती खालपर्यंत गेली, परत वर आली, आणि शेवटी मला फोन केला. भाव कुठं असावा ते तुम्ही बघा."

मी फोन त्या मुलीकडे दिला. तिने हातात पेन्सिल घेतली आणि विचारले, "ताईंनी आधी कुठं बोट लावलं, ते आठवतंय का त्यांना?"